शेंडा खुडला, कुंपण भरले

अंगणात तुळस असलेल्या घरात एक गोष्ट तुम्ही नेहमी पाहत असाल. सकाळी पाणी घालताना आजी तुळशीच्या मंजिऱ्या खुडून टाकते. विचारले तर ती सांगते, "मंजिऱ्या ठेवल्या की तुळस वाळते, खुडल्या की भरते."

आता ऑक्टोबर महिन्यात नाशिकहून दिंडोरीच्या किंवा निफाडच्या रस्त्याने जा. दोन्ही बाजूंच्या द्राक्षबागांत कात्र्या चालू असतात. वेलीच्या लांबच लांब काड्या छाटून त्यांचे तोकडे तुकडे मागे ठेवतात आणि छाटलेल्या काड्यांचे ढीग बांधावर पडतात. आणि तुमच्या शाळेच्या आवारात हिरवे कुंपण असेल, तर माळीकाका मोठी कात्री घेऊन दर काही आठवड्यांनी त्याचा माथा सपाट करताना दिसतात.

आजीची बोटे, बागाईतदाराची कात्री आणि माळीकाकांची कात्री, तिन्ही एकच काम करीत आहेत. झाडाचा भाग कापला तर झाड लहान व्हायला हवे. मग ते अधिक दाट का होते? या प्रश्नाचे उत्तर कळले, तर घरच्या बागेत सुंदर कुंपण कसे वाढवावे हे कोणी वेगळे शिकवावे लागणार नाही.

नाव एक, झाडे दोन

परदेशी बागांच्या चित्रांत तुम्ही हिरव्या भिंतींसारखी कुंपणे, झुडपांचे गोल चेंडू आणि मोर पाहिले असतील. त्यांतील बरीचशी ‘बॉक्सवूड’ नावाच्या झुडपाची असतात. शास्त्रीय नाव बक्सस सेम्परव्हिरेन्स. हे मूळचे युरोपातील आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातील झाड. ते फार सावकाश वाढते, त्याची पाने लहान, जाड आणि चकचकीत असतात. त्याचे लाकूड इतके घट्ट आणि जड असते, की पूर्वी मोजपट्ट्या, बुद्धिबळाची प्यादी आणि छपाईसाठी कोरायचे ठसे त्यापासून करीत.

हे झाड नाशिकच्या अंगणात लावावे का? नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. येथील हिवाळा बॉक्सवूडला मानवेल. निफाडला तर पारा कधी कधी ५ अंश सेल्सिअसच्या खाली जातो. पण एप्रिल-मे महिन्यांत तो ४० अंशांजवळ पोचतो, पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने जमीन तहानलेली राहते. थंड व ओलसर हवेत वाढणाऱ्या बॉक्सवूडला हा उन्हाळा सोसत नाही.

आपल्याकडे बॉक्सवूडचे काम दुसरे एक झाड फार चांगले करते. ते म्हणजे कुंती. काही जण तिला कामिनी म्हणतात. शास्त्रीय नाव मुराया पॅनिक्युलाटा. कुंती भारतापासून दक्षिण चीन आणि ऑस्ट्रेलियापर्यंत आढळते. इंग्रज माळ्यांना तिचे कुंपण पाहून आपल्या बॉक्सवूडची आठवण झाली आणि त्यांनी तिला ‘चायना बॉक्स’ असेही नाव दिले. पण नावावर जाऊ नका! ही दोन झाडे नात्याने अगदी दूरची आहेत. बॉक्सवूडचे कुळ वेगळे आणि कुंती लिंबाच्या कुळातली. तुमच्या फोडणीतला कढीपत्ता हा तिचा जवळचा नातलग. कित्येक वर्षे वनस्पतिशास्त्रज्ञ दोघांना एकाच प्रजातीत, मुरायात, धरीत असत. आता अनेक जण कढीपत्त्याला बर्गेरा या वेगळ्या प्रजातीत ठेवतात.

ही ओळख तुम्ही स्वतः पटवून घेऊ शकता. कुंतीचे पान उन्हाकडे धरून पाहा. त्यात बारीक, पारदर्शक ठिपके दिसतील. या तेलाच्या ग्रंथी आहेत. लिंबाचे आणि कढीपत्त्याचे पानही असेच धरून पाहा, तेथेही ठिपके सापडतील. मग पान चुरगळून वास घ्या. शिवाय कुंतीचे पान संयुक्त असते, म्हणजे एका देठावर अनेक पर्णिका असतात. बॉक्सवूडचे पान साधे असून ती समोरासमोर जोडीने येतात. कुंतीला पाच पाकळ्यांची पांढरी, अतिशय सुवासिक फुले येतात आणि नंतर लहान, तांबडी फळे धरतात.

शेंड्याची सत्ता

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कोणत्याही फांदीवर पान जेथे खोडाला मिळते, त्या बगलेत नीट पाहा. तेथे एक बारीकशी कळी दिसेल. शेतकरी तिला ‘डोळा’ म्हणतात. पुस्तकात तिला कक्षस्थ कळी म्हटलेले असते. या प्रत्येक डोळ्यातून एक नवी फांदी फुटू शकते. मग सगळे डोळे एकदम का फुटत नाहीत? कारण फांदीच्या टोकाचा शेंडा त्यांना फुटू देत नाही. याला अग्रप्रभाविता असे म्हणतात. आपण साध्या शब्दांत ‘शेंड्याची सत्ता’ म्हणू.

शेंडा ही सत्ता कशी गाजवतो? १९२८ साली फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञाने ओटच्या कोवळ्या अंकुरांची टोके कापून ती अगरच्या वडीवर ठेवली. टोकांतून वाढीला चालना देणारा एक पदार्थ अगरमध्ये उतरतो, असे त्याने दाखविले. हे संप्रेरक म्हणजे ऑक्झिन. पुढे १९३३ साली थिमन आणि स्कूग यांनी बाकल्याच्या रोपांवर एक सुंदर प्रयोग केला. रोपाचा शेंडा कापला की खालचे डोळे फुटत. पण कापलेल्या जागी ऑक्झिन असलेली अगरची वडी ठेवली की डोळे निजूनच राहत. शेंडा नव्हता, तरी शेंड्याचा निरोप खाली जात होता!

शेंडा हा ऑक्झिन तयार करून सतत खाली पाठवतो आणि खोडातून त्याचा प्रवाह वाहतो, तोवर बगलेतले डोळे दबलेले राहतात. हे चित्र गेल्या काही वर्षांत अधिक स्पष्ट झाले आहे. २००८ साली स्ट्रिगोलॅक्टोन नावाची संप्रेरकेही डोळ्यांना रोखण्यात भाग घेतात असे कळले. २०१४ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी वाटाण्याच्या रोपांवर आणखी एक गोष्ट दाखवली. वाढता शेंडा पानांत तयार झालेली साखर मोठ्या प्रमाणावर ओढून घेतो. शेंडा कापला की ती साखर काही तासांतच डोळ्यांकडे वळते आणि ते जागे होऊ लागतात. म्हणजे शेंडा नुसता हुकूम सोडत नाही, तो शिधाही आपल्याकडे ठेवतो.

आता हिशेब करा. एक शेंडा खुडला आणि त्याखालचे दोन डोळे फुटले, तर एकाच्या दोन फांद्या झाल्या. त्या दोन्हींचे शेंडे खुडले तर चार. पुढच्या खेपेस आठ, मग सोळा, आणि पाचव्या छाटणीनंतर बत्तीस! प्रत्यक्षात काही डोळे वाया जातात, काही फांद्या सावलीत मरतात, त्यामुळे आकडा एवढा वाढत नाही. पण कुंपण दाट होते ते याच गणिताने.

आजीच्या तुळशीचेही कोडे आता सुटेल. मंजिरी फांदीच्या टोकाला येते. ती खुडली की खालच्या बगलांतून नव्या फांद्या फुटतात. आणि परसातला कढीपत्ता पाहा. काही घरी तो शिडशिडीत काठीसारखा उंच जातो, काही घरी दाट झुडूप होतो. जेथे नुसती पाने ओरबाडतात तेथे शेंडा तसाच राहतो आणि झाड वर पळते. जेथे शेंड्यासकट टोक मोडून घेतात तेथे झाड भरते.

द्राक्षबागेचा दाखला

नाशिकच्या द्राक्षबागाईतदाराइतका या नियमाचा पक्का उपयोग क्वचितच कोणी करीत असेल. आपल्याकडे द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. जुन्या काड्या एकदोन डोळ्यांवर खरडून टाकतात आणि त्या डोळ्यांतून नव्या काड्या फुटतात. या नव्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड सूक्ष्म रूपात तयार होतात. मग ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी होते. घड असलेले डोळे कोठे आहेत हे पाहून, त्यांच्या पुढे काडी कापतात.

म्हणजे एकाच वेलीवर एकच कात्री, पण एका छाटणीत काड्या मागायच्या आणि दुसरीत फळ. कोणत्या डोळ्याला जागे करायचे हे कात्रीची जागा ठरवते. छाटणी म्हणजे नुसते कापणे नव्हे, निवड करणे आहे. कुंपणाला कात्री लावताना हे लक्षात ठेवायचे आहे.

कुंपण लावू या

समजा, तुमच्या अंगणाच्या कडेला १० मीटर लांबीचे कुंतीचे कुंपण करायचे आहे. उन्हाळ्यात दोरी धरून ४५ सेंटिमीटर रुंद आणि तितकाच खोल चर खणा आणि तो काही दिवस उन्हात तापू द्या. चराचे घनफळ किती? १० × ०.४५ × ०.४५, म्हणजे सुमारे २ घनमीटर.

नाशिक परिसरातील काळी माती पावसात फुगते, चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही. म्हणून खणलेली माती तशीच परत टाकू नका. तिच्यात चांगले कुजलेले शेणखत सुमारे चौथा हिस्सा, म्हणजे आपल्या चरासाठी अर्धा घनमीटर मिसळा. माती फार चिकट असेल तर थोडा बारीक मुरूमही घाला. जमीन मुळातच मुरमाड असेल तर मात्र खताचा भाग वाढवा.

रोपे ३० सेंटिमीटर अंतरावर लावा. १० मीटरमध्ये ३३ अंतरे बसतात, पण रोपे लागतील ३४. का, ते तुम्हीच सांगा. लागवडीला जूनअखेर ते जुलै हा काळ उत्तम, कारण पुढचे दोन महिने पाण्याची चिंता पाऊस वाहतो.

रोपे घरी करायची असतील तर पिकलेली तांबडी फळे घ्या, गर धुऊन काढा आणि बी लगेच पेरा. हे बी साठवून ठेवले तर उगवण झपाट्याने कमी होते. फांद्यांपासूनही रोपे होतात, पण कुंतीच्या फांद्यांना मुळे फुटायला वेळ लागतो. घाई असेल तर कोयनेल किंवा मेंदी निवडावी.

पहिल्या वर्षी हिवाळ्यात आठवड्याने आणि उन्हाळ्यात तीनचार दिवसांनी खोलवर पाणी द्या. रोज वरवर शिंपडलेले पाणी मुळांना वरच्या थरातच अडकवून ठेवते. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा जाड थर पसरा, म्हणजे ओल टिकेल. पाने पिवळी पडली आणि शिरा मात्र हिरव्या राहिल्या, तर ते बहुधा लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही. अशा वेळी आधी शेणखत वाढवा आणि पाणी साचत नाही ना ते पाहा.

कात्री केव्हा, कोठे, किती

कुंपण बिघडते ते बहुधा एका चुकीमुळे. आपल्याला मीटरभर उंच कुंपण हवे असते, म्हणून आपण रोपे मीटरभर वाढू देतो आणि मग माथा कापतो. नव्या फांद्या कापाच्या जवळ, म्हणजे वरच फुटतात. वर छत्री आणि खाली उघडे पाय! त्या फटीतून शेजारची कोंबडीसुद्धा आत येते.

म्हणून पहिला शेंडा लवकर खुडा. रोप चांगले रुजले आणि ३० सेंटिमीटर उंच झाले की ते सुमारे २० सेंटिमीटरवर कापा. कापताना जीव हळहळेल, पण कुंपणाचा पाया येथेच घातला जातो. पुढे नवी फूट १०-१५ सेंटिमीटर वाढली की तिची अर्धी छाटा. कुंती सावकाश वाढते. मीटरभर दाट कुंपणाला दोनतीन वर्षे लागतील असे धरून चाला.

दुसरा नियम आकाराचा. गंगापूरच्या धरणाचा मातीचा बांध आठवा. पायथा रुंद, माथा अरुंद. कुंपणाचा आकारही तसाच ठेवा. मीटरभर उंचीला पायथा ६० सेंटिमीटर असेल तर माथा ४५ सेंटिमीटर. धरणात हा आकार पाण्याच्या दाबासाठी असतो, कुंपणात तो प्रकाशासाठी असतो. माथा रुंद झाला की खालच्या पानांवर सावली पडते, ती अन्न तयार करू शकत नाहीत आणि गळतात.

तिसरा नियम वेळेचा. जून ते ऑक्टोबर वाढीचा काळ, तेव्हा पाचसहा आठवड्यांनी हलकी छाटणी करा. जुने, वेडेवाकडे कुंपण खोल छाटायचे असेल तर पहिला चांगला पाऊस पडल्यावर छाटा. एप्रिल-मे महिन्यांत खोल छाटणी करू नका. आत सावलीत वाढलेली पाने एकदम उघडी पडतात आणि उन्हाने करपतात. कात्री धारदार असू द्या; बोथट कात्रीने फांदी चेचली जाते आणि जखम लवकर भरत नाही. आणि कात्री घालण्यापूर्वी आत डोकावून पाहा. बुलबुल आणि शिंपी अशाच झुडपांत घरटी करतात. घरटे दिसले तर पिल्ले उडेपर्यंत तेवढा भाग सोडून द्या.

छाटणीची किंमत

येथवर छाटणीचे फायदेच पाहिले. पण निसर्गात काही फुकट मिळत नाही.

पहिली किंमत फुलांची. कुंतीची फुले फांद्यांच्या टोकांकडे येतात. दर महिन्याला टोके कापली तर कुंपण दाट होईल, पण सुवास दरवळणार नाही. दोन्ही हवे असेल तर रस्त्याकडची बाजू नियमित छाटा आणि अंगणाकडची बाजू थोडी मोकळी सोडा.

दुसरी किंमत अधिक गंभीर आहे. सिट्रस सायला नावाची तीनचार मिलिमीटरची एक तपकिरी कीड आहे. ती फांदीवर बसते तेव्हा शेपटीची बाजू वर उचललेली असते. तिची मादी फक्त अगदी कोवळ्या पालवीवर अंडी घालते. ही कीड लिंबूवर्गीय झाडांना ‘ग्रीनिंग’ या जीवाणूजन्य रोगाची लागण करते. या रोगाने झाड हळूहळू खंगते, फळे वेडीवाकडी आणि अर्धी हिरवीच राहतात, आणि रोगी झाड बरे करण्याचा खात्रीचा उपाय नाही. कुंती लिंबाच्या कुळातली असल्यामुळे ती या किडीच्या आवडत्या घरांपैकी एक आहे. आणि आपण तर दर छाटणीने कुंतीला नवी कोवळी पालवी फोडायला लावतो! म्हणून मोसंबी, संत्रे किंवा लिंबू यांच्या बागेजवळ कुंतीचे कुंपण लावू नये. मराठवाड्यातील मोसंबीच्या आणि विदर्भातील संत्र्यांच्या गावांत राहणाऱ्या वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. तेथे कोयनेल, मेंदी किंवा अडुळसा बरा. कोयनेल फांदीपासून सहज लागते. मेंदी कमी पाण्यावर तग धरते.

तिसरी किंमत एकाच जातीवर विसंबण्याची. पूर्व आशियातील एक पतंग २००७ साली युरोपात प्रथम आढळला. त्याच्या अळ्या बॉक्सवूडची पाने खातात. २०१२ साली रशियातील सोची येथे ऑलिंपिकच्या तयारीसाठी परदेशातून आणलेल्या बॉक्सवूडच्या रोपांबरोबर तो तेथे पोचला आणि काही वर्षांतच त्या भागातली जुनी, रानात वाढलेली बॉक्सवूडची झाडे बहुतेक नष्ट झाली. शोभेसाठी आणलेल्या रोपांनी रान गेले! तेव्हा लांब कुंपण करायचे असेल तर दोनतीन जातींचे करा आणि नवी रोपे आणताना पानांची पाठ नीट तपासा.

मात्र प्रत्येक अळी शत्रू नसते. लिंबाच्या कुळातील झाडांवर काही फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. चार पाने खाल्ल्याने कुंपण मरत नाही.

करून पाहा

हिवाळ्यात चार कुंड्यांत वाटाणा लावा. रोपांना पाचसहा पाने आली की पहिली कुंडी तशीच ठेवा. दुसरीतील रोपांचे शेंडे कापा. तिसरीत शेंडे ठेवून फक्त दोन पाने काढा. चौथीतील रोपे अलगद वाकवून दोऱ्याने आडवी बांधा. दर दोन दिवसांनी प्रत्येक रोपाचे फुटलेले डोळे मोजा आणि वहीत तक्ता करा. दोन आठवड्यांनी आलेख काढा. कोणत्या कुंडीत डोळे सर्वांत आधी फुटले? नुसती पाने काढल्याने काय झाले? आडव्या रोपांचे निकाल कोणत्या कुंडीशी जुळतात?

शिक्षकांनी निष्कर्ष आधी सांगू नये. सगळ्या गटांचे आकडे एकत्र करून सरासरी काढून घ्यावी, कारण एखादे रोप नेहमीच नियमाविरुद्ध वागते आणि त्या एकावरून नियम ठरत नाही.

नाशिकला एकेकाळी गुलशनाबाद म्हणत, म्हणजे फुलांचे नगर. आपल्या अंगणाचा कोपरा तरी तसा करता येईल. त्यासाठी कात्री उचलण्याआधी झाडासमोर क्षणभर उभे राहा आणि स्वतःला तीन प्रश्न विचारा: मला या फांदीकडून काय हवे आहे, पाने की फुले? मी कापल्यावर कोणता डोळा फुटेल? आणि त्या नव्या पालवीवर कोण येऊन बसेल? उत्तरे मिळाली की मग खुशाल कापा.